लेदरफेसच्या हातातला कटर नेमका कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९७४ सालच्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’ या भयपटात लेदरफेस हा मुखवटा घातलेला खुनी जे मशीन घेऊन पळतो ते खरं होतं का, कुठल्या कंपनीचं होतं, आणि आपल्याकडे झाडं तोडायला वापरतात तेच का? विचारणारी मुलं एक एकांकिका बसवतायत आणि शेवटच्या प्रवेशात तसंच मशीन चालू करून रंगमंचावर आणायचं त्यांच्या मनात आहे.

आधी सरळ उत्तरं. मशीन खरं होतं. पोलान या अमेरिकन कंपनीचा, दुकानात कोणालाही मिळेल असा पेट्रोलवरचा कटर. आपल्याकडे फणस-आंबा तोडायला येतो तो त्याच जातीचा, फक्त दोन पिढ्या पुढचा. आणि रंगमंचावर चालू करून आणायचं का? नाही. का नाही ते शेवटी सांगतो, कारण त्यात माझीही थोडी फजिती आहे.

मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी कटर, ग्रास कटर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पंचवीसेक वर्षं झाली. चेनसॉ हा शब्द आमच्याकडे बिलावर लिहायला. बोलताना सगळे कटरच म्हणतात. हा सिनेमा मला माझ्या मुलाने दाखवला. तो उशी छातीशी धरून बसला होता आणि मी इंजिन ऐकत होतो. धंद्याचा परिणाम, दुसरं काय.

पडद्यावरचं मशीन ओळखायचं म्हटलं की लोक आधी नाव शोधतात. या सिनेमात ते सापडणार नाही, कारण कंपनीने कोर्टात खेचू नये म्हणून मशीनवरच्या नावावर काळी चिकटपट्टी मारलेली होती. माणसाचा चेहरा मुखवट्याआड आणि मशीनचं नाव पट्टीआड. पण नाव झाकल्याने कटर लपत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनवर नाव उरलेलंच नसतं, पेट्रोल सांडून स्टिकर कधीच गेलेला असतो. तरी हातात घेतल्यावर कळतं कुठल्या घरचं आहे ते. ओतीव धडाची ठेवण, सायलेन्सर कुठे बसवलाय, पुढची मूठ कुठून कुठे वळते, ओढून चालू करायच्या दोरीच्या झाकणावरच्या जाळीचा आकार, टाकीचं बूच कुठल्या बाजूला. कंपनी ही वळणं वर्षानुवर्षं बदलत नाही, कारण साचे महाग असतात.

मॉडेलच्या आकड्यावर मात्र या सिनेमाचे चाहते भांडतात. कोणी २४५ए म्हणतो, कोणी ३०६ए. मला विचाराल तर या भांडणात फार जीव घालू नये. इंजिन किती सीसीचं हे बाहेरून दिसत नाही, आणि एकाच कंपनीच्या मशीनमध्ये झाकणं आणि सायलेन्सर इकडचे तिकडे सर्रास लावले जातात. माझ्या फळीवर आत्ता एक मशीन आहे, त्याचं धड एका मॉडेलचं, दोरीचं झाकण दुसऱ्याचं आणि मागची मूठ एका भंगारवाल्याच्या कृपेने आलेली. उद्या त्याचा फोटो काढून कोणी आकडा विचारला तर मी काय सांगू? कंपनीचं नाव पक्कं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा पोलान, बस.

पोलानच का, यावर माझा एक अंदाज आहे आणि तो भूगोलाचा आहे. क्लॉड पोलान या माणसाने ही कंपनी लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावी काढली. नकाशा काढून बघा, श्रीव्हपोर्ट टेक्सासच्या हद्दीला अगदी खेटून आहे. कंपनीच्या जन्माची गोष्टसुद्धा टेक्सासचीच सांगतात. दुसऱ्या महायुद्धात पूर्व टेक्सासच्या जंगलात जर्मन युद्धकैद्यांकडून लाकूडतोड करून घेताना पोलानने एका जुन्या ट्रकच्या मडगार्डचा पत्रा वाकवून चेनसाठी धनुष्यासारखी वळणदार पट्टी बनवली. तर टेक्सासमधल्या एखाद्या खेड्यातल्या घरात कटर असेल, तर तो शेजारच्या कारखान्यातलाच असणार. आपल्याकडे कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर कोल्हापूरचंच इंजिन दिसायचं, तसंच ते. सिनेमा पैशाने तंगीतला होता, १९७३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राउंड रॉक गावाजवळच्या एका जुन्या घरात चित्रित झाला. तिथे मुद्दाम खास मशीन बनवून घेणारं कोणी नव्हतं.

कल्पनाही दुकानातच सुचलेली. दिग्दर्शक टोबी हूपर १९७२ च्या नाताळाच्या खरेदीत एका गच्च भरलेल्या दुकानात अडकला होता. समोर मांडलेले कटर पाहून त्याच्या मनात आलं, हे चालू केलं तर ही गर्दी क्षणात बाजूला होईल. सिनेमाची जाहिरात खरी घटना म्हणून झाली, पण ज्या एड गीन या खुन्यावरून लेदरफेसचं पात्र थोडंफार घेतलं तो विस्कॉन्सिनचा, १९५७ साली पकडला गेलेला, आणि त्याच्या प्रकरणात कटरचा संबंधच नाही. कटर आला तो थेट हार्डवेअरच्या दुकानातून.

आता फोटो समोर ठेवून बघू. एकांकिकेवाल्यांनी हे नीट वाचावं, नकली मशीन बनवताना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे बाजू. कटर धरलेल्या माणसाचा डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा मागच्या मुठीवर, आणि ज्या लांब पट्टीवर चेन फिरते तो बार मशीनच्या उजव्या अंगाला. ओढायची दोरी डाव्या अंगाला. जवळजवळ सगळ्या कंपन्यांचं हेच. म्हणून एखाद्या पोस्टरवर बार डाव्या अंगाला आणि दोरी उजव्या अंगाला दिसली, तर मशीन वेगळं आहे असं समजू नका, चित्र आरशासारखं उलटं छापलंय. डावखुऱ्या माणसालासुद्धा कटर असाच धरावा लागतो. मी स्वतः डावखुरा आहे, पहिलं वर्ष फार जड गेलं.

दुसरी गोष्ट, जी नाही ती बघा. आजच्या कुठल्याही कटरला पुढच्या मुठीच्या समोर प्लास्टिकचा एक उभा पंजा असतो. लोकांना वाटतं तो हाताला फांदी लागू नये म्हणून आहे. तेवढंच काम नाही त्याचं. तो चेनचा ब्रेक आहे. बारच्या नाकाचा वरचा चतकोर कशाला अडला की मशीन एकदम वर आणि मागे, थेट चेहऱ्याकडे उसळतं. तो झटका आला की मनगट पंज्याला आपटतं आणि एक लोखंडी पट्टा क्लचच्या डब्याला आवळून चेन जागच्या जागी थांबवतो. हे ब्रेक युरोपातल्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आणले आणि सगळीकडे पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. लेदरफेसच्या मशीनला असा पंजा नाही. ब्रेक नाही, म्हणजे झटका आला तर तो अडवायला फक्त माणसाचे दोन हात.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण सिनेमात एक पाठलाग आहे. रात्र, झाडी, पुढे मुलगी पळतेय आणि मागे हा. लेदरफेसचं काम करणारा गुन्नार हॅन्सन हा आइसलंडमध्ये जन्मलेला सहा फूट चार इंची गडी. त्यात आणखी उंच दिसावा म्हणून टाचा वाढवलेले बूट. मुखवट्यामुळे आजूबाजूचं धड दिसत नव्हतं. तरी तो त्या मुलीचं काम करणाऱ्या मॅरिलिन बर्न्सपेक्षा जोरात पळायचा आणि शॉट संपायच्या आत तिला गाठायचा. मग वेळ काढायला तो मध्येच थांबून झाडाच्या फांद्या कापत बसतो. प्रेक्षकाला वाटतं, काय हा वेडा राग! मला मात्र तिथे खरा घाम फुटला. बारीक, लवचिक फांद्या कटरने कापणं हे जाड खोड तोडण्यापेक्षा वाईट. फांदी चेनमध्ये ओढली जाते, चाबकासारखी उलटी येते, किंवा नाकाला अडून झटका देते. तेसुद्धा अंधारात, ब्रेक नसलेल्या मशीनने, उंच टाचांवर, मुखवट्याच्या भोकातून बघत. सिनेमातलं सगळ्यांत भीतीदायक दृश्य माझ्या लेखी हेच.

आता धूर आणि आवाज. तुम्ही पाहिलं असेल, मशीन घरघरतंय, धूर येतोय, पण माणूस ते सहज हातात धरून उभा आहे. ते शक्य आहे, कारण कटरमध्ये क्लच असतो. स्कूटीला असतो तसाच, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जाणारा. इंजिन आयडलला असताना क्लचच्या पट्ट्या आत मिटलेल्या असतात आणि चेन स्थिर असते. ॲक्सिलरेटर दाबला, फेरे वाढले, की पट्ट्या बाहेर येऊन डब्याला घट्ट बसतात आणि चेन पळते. आजचा साधारण कटर आयडलला मिनिटाला २,५०० ते ३,००० फेरे घेतो आणि पूर्ण दाबल्यावर १२,००० च्या पुढे जातो. जुनी मशीन एवढी चपळ नव्हती. म्हणून त्यांचा आवाजही जरा जाड, खर्जातला. आजच्या मशीनचा आवाज डासासारखा चिरका, त्या आवाजाने माणूस वैतागेल, घाबरणार नाही.

धूर तर अगदी अस्सल. टू स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आज चांगलं ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली. त्या काळी बऱ्याच अमेरिकन मशीनला १६ ला १ चालायचं, म्हणजे लिटरला ६० मिलीच्या वर. एवढं ऑइल जळून निळा धूर येणारच. शेवटच्या दृश्यात उगवत्या सूर्यासमोर तो धूर पसरतो, तेव्हा वाटतं कोणीतरी मुद्दाम सोडलाय.

त्याच शेवटच्या दृश्यात लेदरफेस चालू कटर डोक्यावर गरगरा फिरवतो. नाचतोच म्हणा ना. इथे कारागीर म्हणून मला एक गोष्ट फार आवडते. जुन्या बजाज स्कूटरचा किंवा लुनाचा कार्ब्युरेटर आठवा. आत पेट्रोलची एक छोटी वाटी, त्यात तरंगणारा फ्लोट. गाडी आडवी पडली की पेट्रोल सांडतं आणि इंजिन गुदमरतं. सुरुवातीच्या कटरलाही असेच कार्ब्युरेटर होते. मशीन आडवं करायचं तर आधी काहीतरी फिरवाफिरवी करावी लागे. मग १९५० च्या आसपास कटरला पडदेवाले कार्ब्युरेटर आले. यात वाटी नाही, फ्लोट नाही. रबरी पापुद्र्यासारखा एक पडदा इंजिनाच्या दाबाने धडधडतो आणि तोच पेट्रोल ओढून घेतो. टाकीतही पेट्रोल खेचणारी नळी मोकळी लोंबते, तिच्या टोकाला जड फिल्टर असतो. मशीन जसं फिरवाल तसा तो फिल्टर गडगडत पेट्रोलाच्या मागे जातो. म्हणून कटर उभा, आडवा, उलटा, कसाही चालतो. फ्लोट असता तर सिनेमाचा तो जगप्रसिद्ध शेवट दोन गिरक्यांत खोकत बंद पडला असता. पुढच्या खेपेला कोणी कटर दुरुस्तीला उघडलेला दिसला तर तो पडदा बघा. नाण्यापेक्षा थोडा मोठा, बोटाने दाबला तर दबतो. निम्मी मशीन तो कडक झाल्यामुळेच माझ्याकडे येतात.

चेनबद्दल. अभिनेत्यांच्या अगदी जवळच्या काही दृश्यांत दात काढलेली चेन वापरली होती. चेनमध्ये तीन प्रकारचे तुकडे असतात: कापणारे दात, एक डावीकडे वळलेला, एक उजवीकडे; त्यांना जोडणाऱ्या सपाट पट्ट्या; आणि खाली बारच्या खाचेत बसणाऱ्या टोकदार कड्या. दात काढले तरी बाकीची साखळी तशीच फिरते आणि वेगात डोळ्याला फरक कळत नाही. पण दात नाहीत म्हणजे धोका नाही, हे कृपा करून डोक्यातून काढा. सेकंदाला पंधरा-वीस मीटर वेगाने पळणारं ते लोखंड आहे. कातडी सोलायला त्याला दात लागत नाहीत. आणि घराचं दार कापतो तिथे तर दात असल्याशिवाय भागणारच नव्हतं.

या दातांची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पूर्वी कटरच्या चेनला हातकरवतीसारखे सरळ दात असत. लाकूड कापण्यापेक्षा ओरबाडायचे, आणि धार लगेच जायची. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या झाडाच्या बुंध्यात खोडकिड्याची अळी बघत बसला. अळी लाकडाच्या रेषेत आणि रेषेला आडवी, कशीही तितक्याच सहज जात होती, कारण तिचे दोन जबडे आलटून पालटून डावी-उजवीकडे कापत होते. त्याने चेनचे दात त्या जबड्यासारखे वळवले. आज जगभर फिरते ती चेन त्याच नमुन्याची आहे. आमच्याकडे काजूला रोठा लागतो आणि आंब्याला भिरूड, तीही हीच खोड पोखरणारी जमात. बागायतदार त्या अळीला शिव्या देतो आणि तिने मारलेलं झाड तोडायला तिच्याच जबड्याची नक्कल आणतो.

आणि मुळात हे अवजार लाकडासाठी जन्मलंच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी बारीक दातांची साखळी वापरली ती हाडासाठी. दोन्ही टोकांना मुठी, हाताने मागेपुढे ओढायची. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेचा सांधा मोकळा करायला आणि सडलेलं हाड काढायला. भूल देण्याचा शोध लागायला अजून पन्नासेक वर्षं होती. भयपट काढायचा तर यावर काढा, असं मी मुलाला म्हटलं, तर त्याने जेवण अर्धवट टाकलं.

आता सिनेमात खरंच त्या मशीनने माणसं मरतात का? थोडं आश्चर्य वाटेल, पण सिनेमाच्या नावात चेनसॉ असला तरी त्यात चेनसॉने मारला जातो तो एकच जण, चाकाच्या खुर्चीवरचा फ्रँकलिन. दोघं घणाने जातात. एकीला मांस टांगायच्या आकड्याला लटकवतात. रक्तही फार दिसत नाही, कारण हूपरला सिनेमा सौम्य प्रमाणपत्रात बसवायचा होता. (नाही बसला.) बाकीचं सगळं काम आवाज करतो. हत्यार म्हणून कटर मुळात गैरसोयीचाच. जड, कर्कश आवाजाचा, मैलभरावरून चाहूल देणारा, आणि कापडाला भिणारा. हो, कापडाला. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने गोणपाटात गुंडाळलेला कटर तसाच चालू केला. गोणपाटाचा एक धागा चेनने ओढला, त्यामागे दुसरा, आणि पापणी लवायच्या आत चेन, बार, चेन फिरवणारं दातेरी चाक सगळं काथ्याच्या चेंडूत अडकून इंजिन बंद. तो चेंडू पक्कड आणि ब्लेडने उपसायला मला दीड तास लागला. परदेशात लाकूडतोडे घालतात त्या पँटमध्ये अशाच लांब धाग्यांचे थर मुद्दाम भरलेले असतात. चेन मांडीला लागली तर धागे ओढून घेते आणि थांबते.

सिनेमाच्या शेवटी कटर लेदरफेसच्या स्वतःच्याच मांडीवर पडतो. हे दृश्य कुठल्याही कटरवाल्याला खोटं वाटणार नाही, या मशीनची जखम बहुतेक वेळा चालवणाऱ्यालाच होते, आणि पायाला फार. चित्रीकरणात हॅन्सनच्या पायाला पँटखाली लोखंडी पत्रा बांधला, त्यावर मांसाचा तुकडा आणि रक्ताची पिशवी ठेवली आणि चालू चेन खरोखर त्यावर टेकवली. चेन पत्र्यावर घासून पत्रा तापला आणि त्याला चटका बसला. तो ओरडतो ते अगदीच नाटकी नाही.

आपल्याकडे हे मशीन घरोघरी दिसायला लागलं ते फार जुनं नाही. मी धंद्यात आलो तेव्हा अख्ख्या तालुक्यात कटर बोटांवर मोजण्याइतके, बाकी करवत आणि कुऱ्हाड. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, त्याने रायगड-रत्नागिरीच्या बागा झोपवल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं ते आमच्या दारावरून गेलं. रस्त्यांवर माड, घरांवर आंबे, लाईट नाही, आणि जो तो कटर मागतोय. त्यानंतर वाडीवाडीत एक तरी मशीन आलं आणि कधी हात न लावलेली माणसं ते चालवायला लागली. एक जण मशीन खांद्यावर टाकून आला, “भाऊ, नवीन चेन घातलंय, तरी कापणा नाय.” बघतो तर चेन उलटी बसवलेली, दातांची पाठ लाकडाकडे. धूर काढत अर्धा तास त्याने खोड नुसतं घासलं होतं. तशा उलट्या चेनवर लेदरफेसचा सिनेमा निघाला असता तर सगळी पात्रं सुखरूप घरी गेली असती.

तर आता तुमची एकांकिका.

काही वर्षांपूर्वी एका हौशी मंडळाने, नाव नको, माझ्याकडून एक कटर भाड्याने नेला. मी चेन काढून दिली, बार ठेवला, आणि स्वतःला फार हुशार समजलो. चेन नाही म्हणजे काय होणार? प्रयोग बंद हॉलमध्ये. नटाने विंगेत मशीन एकदा गरम करून ठेवलं होतं. प्रवेश आला, तो आत गेला आणि घाईत त्याने चोक ओढून दोरी खेचली. गरम इंजिनाला चोक दिला की आत नुसतं पेट्रोल भरतं, प्लग ओला होतो. दोरी ओढतोय, ओढतोय, समोर हिरॉईन किंचाळून दमली. मग तिने किंचाळणं थांबवलं आणि वाट बघत उभी राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, “धक्का मारू काय?” अख्खा हॉल हसला. पुढे एकदाचं मशीन सुरू झालं ते साठलेलं सगळं पेट्रोल आणि ऑइल एकदम जाळत. पहिल्या तीन रांगा खोकत बाहेर. तो नुसता धूर नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि बंद जागेत तो डोकेदुखीवर थांबेलच असं नाही. त्या दिवशी मीच शिकलो.

म्हणून चालू इंजिन बंद जागेत नको, चेन असो वा नसो. आवाज वेगळा वाजवा. आयडलचा एक आणि पूर्ण दाबल्याचा एक, असे दोन तुकडे हवेत, आणि ध्वनी सांभाळणाऱ्याला सांगा की ॲक्सिलरेटरचं बोट दाबलेलं दिसल्यावर दुसरा लावायचा. नाहीतर मशीन धरून नुसता उभा असलेल्या माणसाच्या हातून चेन पळाल्याचा आवाज येतो आणि माझ्यासारखा एखादा प्रेक्षकात बसलेला असतो. धुरासाठी नाटकवाल्यांचं धुराचं यंत्र असतं, ते वापरा.

मशीन मात्र अस्सल धरा. थर्माकोलचं नको. थर्माकोल धरलेल्या माणसाची कंबर खोटं बोलते, पाच-सहा किलो वजन हातात असलं की खांदे आपोआप खाली येतात आणि चाल बदलते. जुन्या काळाचं दिसायला हवं असेल तर पुढचा ब्रेकचा पंजा काढून टाका. मात्र जे मशीन चालूच होणार नाही, त्याचाच हा पंजा काढायचा, हे लक्षात ठेवा. प्लास्टिकचं भडक नारिंगी अंग मळकट रंगवा, आणि नावावर काळी चिकटपट्टी. चेनऐवजी सायकलची चेन लावली की दहा फुटांवरून फरक कळत नाही. ती फिरणार नाही अशी दोन ठिकाणी तारेने बांधा.

माझ्याकडे एक सीज झालेलं धड पडून आहे, पिस्टन चिकटलेला, त्यामुळे कोणी कितीही दोरी ओढली तरी ते सुरू व्हायची भीती नाही. भाडं नको, परत आणून द्या म्हणजे झालं. मात्र मे संपायच्या आत या. एकदा पाऊस लागला की ग्रास कटरची रांग लागते, मग मला बोलायला सवड नसते.